तळखडा

सोनिया गाडीखालून बाहेर आली ती पाना आपटतच.

"दादा, खालचे तळखडे कुठं हायेत?"

गोरख गाडीच्या दारावर शर्यतीचा नंबर चिकटवत होता. भोरच्या रस्त्याकडेला एका शेडमध्ये हे बहीणभाऊ शर्यतीच्या गाड्यांना पिंजरे बसवत. गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येऊ नये म्हणून आत उभारलेला पाइपांचा सांगाडा, तो पिंजरा. त्याच्या प्रत्येक पायाशी जी जाड लोखंडी पाटी लागते, तिला दोघं तळखडा म्हणत. उत्रोलीच्या त्यांच्या घरात लाकडी खांबांखाली दगड होते, त्यांचंच हे नाव. ही गाडी आज ट्रॅकवर सोनिया स्वतः पळवणार होती. विंझरच्या भिमाची गाडीही इथंच तयार झाली होती. तो ती टेम्पोत घालून सकाळीच पुढं गेला होता.

"हायेत की," गोरख मान वर न करता म्हणाला. "समद्या पायांखाली हायेत."

"ते गाडीच्या तळाच्या पत्र्याच्या वर. खाली काय बी न्हाई. नुसतं वायसर घालून नट आवळलेत."

"आगं, खांबाला एकच तळखडा असतो. आपलं घर उभं हाय न्हवं?"

सोनियाच्या मस्तकात तिडीक गेली. किती वेळा कानीकपाळी ओरडली होती ती! पत्रा दोन पाट्यांमध्ये धरायचा, एक वरून, एक खालून. हा शहाणा मान डोलवायचा आणि आपलंच घोडं पुढं दामटायचा.

"घर उलटं व्हतं का रं? गाडी व्हती!"

"तू कशाला उलटतीयास? पक्कं बसलंय समदं."

"पक्कं?"

तिनं कोपऱ्यातली पहार उचलली, दारातून आत वाकून टोक पिंजऱ्याच्या मागच्या पायाखाली घातलं आणि अंगातला सगळा राग पहारीवर टाकला. जुना पत्रा करकरला. दुसऱ्या हिसक्याला पाय उचकटला, नट-वायसरासकट वर आला. पत्र्याला पडलेल्या भोकातून शेडची जमीन दिसू लागली.

गोरख त्या भोकाकडं बघत राहिला.

"ह्यात मला बशिवणार व्हतास," सोनिया म्हणाली. "सख्ख्या भनीला. लाज न्हाई वाटली?"

ती आणखी बोलणार होती, पण मध्येच थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"दादा, भिमाच्या गाडीला?"

गोरख म्हणाला, "तसंच."

"फोन लाव त्याला! गाडीत बसू नगंस म्हणावं. लाव आधी!"

गोरखनं फोन लावला. रिंग शेडमध्येच वाजली. कामाच्या टेबलावर भिमाचा मोबाईल चार्जरला तसाच लावलेला होता. सकाळच्या घाईत विसरला होता तो.

गोरखनं कानाला लावलेला फोन काढला नाही, कुणीतरी बोलेल म्हणून उभाच राहिला.

सोनियानं खिळ्यावरची मोटरसायकलची किल्ली ओढली. जाता जाता भिमाचा वाजता मोबाईल चार्जरवरून ओरबाडला आणि भावाच्या मोकळ्या हातात कोंबला.

"घे, उचल. सांग तुझं तुलाच, पक्कं बसलंय म्हणून."