मधला वाटा

"साकु!" टँकरच्या पाठीवरून चनबसप्पा ओरडले. कानडी घरातला माणूस, 'बास' म्हणायच्या ऐवजी 'साकु' म्हणायचा. ड्रायव्हरनं कॉक बंद केला. दुसऱ्या गल्लीचा वाटा संपला, तिसरीचा सुरू झाला आणि तिसऱ्या गल्लीच्या पारूबाईनं रोजच्याप्रमाणं तोंड उघडलं.

"अण्णा, आमचाच वाटा कसा बिगीनं आटतोय? तुमच्या गल्लीत काय गंगा वळवलीया?"

"पारूबाई, काठीवर सारख्या अंतरानं खुणा हायत. तीन गल्ल्या, तीन वाटे. सिद्धेश्वराची आण, तसूभर फरक न्हाय. तुमच्याच घागरी मोठ्या असतील की!"

सोलापुरात बहात्तरचा श्रावण कोरडा चालला होता. आडव्या पिंपासारखा तो गोल टँकर दिवसाला एकदा यायचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि पूजेशिवाय पाण्याचा घोट नाही, म्हणून टँकरात बुडवून पाणी मोजायची काठी चनबसप्पांच्या हाती आली होती. पहिला नंबर घेतला तर हावरट दिसू, शेवटचा घेतला तर संत म्हणतील, म्हणून त्यांनी आपल्या गल्लीसाठी मधला घेतला. लोक म्हणाले, काय समंजस माणूस!

खाली घागर घेऊन त्यांची मुलगी महानंदा उभी होती. नुकतीच गणितात बी.एस्सी. झालेली. एम.एस्सी.ला कोल्हापूरला जायचं, तर फॉर्म शनिवारच्या आत पोचायला हवा होता आणि त्यावर अप्पांची सही नव्हती. "ते नागोबासारखं वाकडं चिन्ह संसारात कुठं लागतं, ते दाखव," अप्पांनी तिच्या वहीतल्या इंटिग्रलवर बोट ठेवून अट घातली होती. "न्हायतर वळसंगचं स्थळ हायच." चार दिवस ती उपयोग सांगत होती. पूल सांगितला. "आपल्याला पूल बांधायचाय?" रॉकेट सांगितलं. त्यावर तर अप्पा नुसतेच जेवत राहिले.

आज मात्र ती टँकरच्या गोल तोंडाकडं बघत राहिली. काठी सरळ. टँकर गोल.

घागर तशीच टाकून ती घरात पळाली. कॅलेंडरच्या मागं तिनं वर्तुळ काढलं, त्याचे सारख्या जाडीचे तीन पट्टे पाडले आणि नागोबाला कामाला लावलं. तासाभरानं अप्पा भाकरीला बसले, तेव्हा ती कागद घेऊन पुढ्यात उभी राहिली.

"अप्पा, सापडला उपयोग! गोल वस्तू मध्ये फुगते, वर-खाली चिंचोळी होते. खुणा सारख्या, पण पाणी सारखं नाही. शंभर घागरींतल्या पहिल्या गल्लीला एकोणतीस, तिसरीला एकोणतीस. आपल्याला बेचाळीस!"

अप्पांनी घास ताटात ठेवला. "म्हंजे पारूबाई खरं बोलतीया?"

"रोज."

आई गुरम्मा चुलीपासून उठली आणि तिनं आधी गल्लीकडचं दार लावलं. गल्लीतल्या महादेवाला श्रावणभर रोज घागरभर पाण्याचा अभिषेक, असं तिचं व्रत होतं. दुष्काळात तिचा देव तेवढा आंघोळ करून टवटवीत होता. "हळू बोल गं," ती म्हणाली.

"खुणा कुठं पाडायच्या तेही काढलंय. उद्यापासून बदलू?"

चनबसप्पांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं. मग मागच्या अंगणातल्या काठोकाठ भरलेल्या दोन पिंपांकडं पाहिलं, आणि तिथं जरा जास्तच वेळ.

"आत्तापत्तुर अडाणीपणानं घेतलं. ते महादेवानं पोटात घातलं असंल," ते पुटपुटले. "आता तू शाणं करून ठेवलंस." मग त्यांनी विचारलं, "हे गणित तिन्ही गल्ल्यांत आणिक कुणाला येतं?"

"कुणालाच नाही."

"कोल्हापूरची यष्टी कधी हाय?"

महानंदाचा कानांवर विश्वास बसेना. अप्पांनी उष्टा हात धुतला, फॉर्म मागितला आणि न वाचता सही ठोकली. आईनं फडक्यात भाकरी बांधली, कपाळाला भस्म लावलं. पोरगी पाया पडली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शीक बाई, लई शीक," ते म्हणाले. "आणि पाऊस पडल्याबिगर घरी येऊ नकोस."