उत्तरासाठी सोडलेली जागा

"ही ती नव्हे," म्हातारा दिग्दर्शिकेच्या कानाशी लागून म्हणाला. "तुम्ही भलत्याच बाईंना उचलून आणलंय."

कुजबुजणं त्याला कधीच जमलं नव्हतं. समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी मान वर केली. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक हसू दाबायला खाली वाकला.

दिग्दर्शिकेला हसू आलं नाही. जुनी कार्टून आणि ती बनवणारी माणसं यांच्यावरची तिची मालिका टीव्हीवर बरी चालली होती. आजचा भाग गाढव आणि कोंबडीच्या कार्टूनवर होता. एकाच अंगणात राहून, गवताच्या एका गंजीवरून ती दोघं अकरा वर्षं भांडली होती. गाढवाचा आवाज या म्हाताऱ्याचा, कोंबडीचा या बाईंचा. दोघं आज पहिल्यांदा समोरासमोर येणार, हीच भागाची सगळी गंमत होती.

पहिल्यांदा, कारण त्या काळी बाईंची नोकरी दुपारची होती आणि त्याची सकाळची. बाई सकाळी येऊन कोंबडीची वाक्यं बोलून जायच्या. गाढवाच्या उत्तरांसाठी मध्ये जागा सोडायच्या. दुपारी तो यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि त्या जागा भरायचा. हळूहळू कोंबडी कागदावर नसलेलंही बोलू लागली. "काय रे लांबकान्या, काल घसा बसला होता वाटतं?" असं विचारून ती थांबायची. तोही मग मनानेच उत्तर द्यायचा. ते कुणी कापायचं नाही. गाढव काय म्हणालं हे बाईंना कळायचं ते टीव्हीवर, सगळ्या पोराटोरांबरोबर.

मुलाखत म्हटली की म्हातारा नाही म्हणायचा. या वेळी मात्र कोंबडी येणार म्हटल्यावर त्याने पुढचं ऐकून न घेताच होकार दिला होता. घरात आता तो एकटाच होता. तो आवाज एकदा पुन्हा कानावर पडावा, एवढंच त्याला हवं होतं. आज सकाळी सून येऊन त्याच्या शर्टाला इस्त्री करून गेली होती. आणि समोर कोण, तर खालच्या, संथ सुरात "नमस्कार, आपल्याला भेटून आनंद झाला" म्हणणाऱ्या कुणी मुख्याध्यापिका.

"गाढव तरी कुठं एवढं सभ्य होतं?" बाई म्हणाल्या. "मलाही शंका आहेच."

"म्हणजे दोन्हीकडून तोतये," ध्वनिमुद्रक स्पीकरवरून म्हणाला.

"तू गप रे!" दिग्दर्शिका बाईंकडे वळली. "बाई, कोंबडीचं एखादं वाक्य म्हणता का? एकच."

"ते आता नाही जमायचं." बाईंनी मांडीवरची पर्स घट्ट धरली. "माझा पुढचा एक दात लहानपणीच गेला होता. कोंबडी त्या फटीतून बोलायची. आता कवळी आहे. फट बुजली."

म्हातारा उठला. तो रागावला नव्हता. बसायला कारण उरलं नव्हतं, एवढंच.

"येतो मी," तो म्हणाला. "तुमची तरी त्यात काय चूक?"

दारापर्यंत जायला त्याला वेळ लागला. इस्त्रीच्या शर्टातली ती वाकलेली पाठ बाई पाहत राहिल्या. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, पर्समधून रुमाल काढला आणि तो तोंडाशी नेला.

"ए लांबकान्या!"

म्हाताऱ्याचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. कवळीशिवाय आवाज जरा फुसफुसत होता, कडेला चिरकलाही होता. पण तोच होता.

"पळतोस कुठं?" कोंबडी म्हणाली. "कार्टून बंद झालं त्या दिवशी सकाळी मी तुला एक विचारून ठेवलं होतं. दुपारी तुला कुणी बोलावलंच नाही. आता पुन्हा विचारते. उद्यापासून मी भांडायचं कुणाशी?"

आणि ती थांबली. पूर्वीसारखीच, उत्तरापुरती जागा सोडून.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाने घाईघाईने बटण दाबलं. दिग्दर्शिकेने कॅमेऱ्याकडे हात केला. कॅमेरा चालूच होता.

म्हातारा वळला. त्याने छाती भरून घेतली आणि असा रेकला, की ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन उपटून काढले.

"अगं ए मूठभर पिसांच्या भवाने!" गाढव म्हणालं. "इतकी वर्षं गंजी राखत बसलोय, आणि तू आत्ता उगवतेस होय?"

"राखतोय म्हणे! अर्धी तूच खाल्ली असशील."

"सगळी खाल्ली! तू येईनास, मग काय वाळवी लागू देऊ?"

त्यापुढचं कुणाला नीट ऐकू आलं नाही. दिग्दर्शिका खुर्चीत वाकून, पोट धरून हसत होती. तिच्या हातातले लिहून आणलेले प्रश्न जमिनीवर पसरले, ते कुणी उचलले नाहीत. दिवे बंद करायला आलेला माणूस दारातच टेकून उभा राहिला. गाढव आणि कोंबडी मात्र गंजीवरून निघून कुंपणावर, कुंपणावरून एकमेकांच्या खानदानावर पोचली होती. म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली होती.

शेवटी दोघांनाही धाप लागली. म्हातारा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. पुढचं स्वतःच्या आवाजात बोलायचा त्याला धीर होईना, म्हणून त्याने गाढवाचाच वापरला.

"उरलेलं भांडण उद्या माझ्या घरी. चहा मी टाकतो. पत्ता ऐकून ठेव गं कोंबडे..."

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. रुमाल तोंडाशी गेला आणि पर्समध्ये परत गेला. मग त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. आता जो बोलला तो मघाचाच खालचा, संथ आवाज होता.

"पत्ता कोंबडीला नको. मला सांग."