शिकेकाईचं पाणी

नळाला पाणी येऊन चोवीस दिवस झाले होते. गावात लोक अंघोळीचं पाणीसुद्धा घमेल्यात धरून झाडांना घालत होते, त्यामुळे आमच्या सांडपाणी केंद्रात काही येतच नव्हतं. टाक्यांतला गाळ तडकला होता. मांजरा नदीत सोडायला थेंब नव्हता. ड्यूटीवर मी एकटाच. घरीही एकटाच.

तरी रोज अकराला पाइपातून बादलीभर पाणी यायचं. फेसाळ, आणि शिकेकाईच्या वासाचं.

मी जलकुंभावरच्या भारतला फोन केला.

"व्हॉल्व बंद हाय, भाऊ. गावात पाणीच न्हाई. तुमी कावून तरास करून घेता?"

कुठून येतं ते कळल्याशिवाय मी कुठलंच पाणी नदीत सोडत नाही. दुसऱ्या दिवशी अकराला चेंबरची झाकणं उचलत गावाकडं निघालो. जिथं दोन लाइनी मिळत, तिथं कोरडी सोडायची आणि ओली धरायची. ओली लाइन बाजार ओलांडून आमच्या गल्लीत शिरली. शेवटचं चेंबर माझ्याच दारापुढं निघालं. त्यातलं पाणी हाताला कोमट लागलं.

दाराला मी सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. आत न्हाणीत तांब्या बादलीवर वाजत होता.

मी साबण लावतो. शिकेकाई माझी बायको सत्यभामा लावायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

मी कुलपात किल्ली घातली. तांब्या थांबला.

"कोण हाय?" आतून सत्यभामेनं घाबरून विचारलं. "इथं मी एकलीच असते."