ढिली पकड

रोगाच्या साथीमुळे घरोघरची दारं बंद होती. उज्ज्वलाताईंनी छताला टांगलेल्या फिरत्या भिंगरीला दोऱ्यांनी बांधलेले व्यायामाचे हातमोजे चढवले. दुसऱ्या घरात तसेच मोजे घातलेल्या माणसाच्या हातांची ओढ त्यांतून जशीच्या तशी जाणवे; जोडीला कुणी नसेल, तर यंत्रच हात द्यायचं. धाकटी बहीण शैला दवाखान्यात गेल्यापासून ताईंची फुगडी यंत्राशीच चालली होती. त्याची पकड कधी ढिली पडत नसे, याचाच त्यांना राग यायचा.

आज त्या मागे रेलल्या, गिरकी घेतली, आणि पकड थरथरून सुटली. त्या सतरंजीवर दाणकन बसल्या.

"मेलं, हेही बिघडलं!"

"यंत्र नाही गं ताई, मी आहे," समोर उजळलेल्या पडद्यावरून शैला धापा टाकत म्हणाली. "सकाळीच घरी सोडलं. बसल्या बसल्या हात धरले, पण जोर कुठाय?"

कंबर चोळत ताईंनी पुन्हा हात पुढे केले. "पाड गं बाई, कितीदाही पाड!"