फळीवरची बाटली

म्हाळसाची चार वर्षांची ईश्वरी कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं फिनेल पिऊन गेली, त्याला वर्ष झालं.

आता धाकटी मोनिका रांगत होती. फरशी पुसताना फिनेलची बाटली खाली राहिली, की म्हाळसाची पाठ वळताच ती उंच फळीवर गेलेली असायची.

"तुम्ही ठेवता का वर?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी दिवसभर कुरकुंभला कंपनीत असतो. घरात दुसरं कोण हाय?" संपत म्हणाला.

दुसऱ्या दुपारी ती स्टुलावर चढली. बाटलीशेजारी इवल्या बोटांचे ओले ठसे होते. ते वाळेपर्यंत ती डोळे भरून बघत राहिली.

मग तिनं बाटली उतरवली, बूच काढलं, मोनिकाच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.