पस्तीसची लेन्स

"ही नाही," म्हणत फोटोग्राफरनं नव्वद मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली आणि पन्नासची चढवली. सकाळपासून ही चौथी अदलाबदल होती.

रविवारी स्टुडिओला कायमचं कुलूप लावून दोघं नवरा-बायको मुलीच्या गावी राहायला जाणार होते. सामान बायकोनं बांधून टाकलं होतं. त्याच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला तिनं हातातल्या पिशवीत जागा दिली, पण लेन्स एकच, असं बजावून. रोज वापराल ती घ्या, बाकीच्या दोन देऊन टाका.

तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हती. जेवता जेवता उठायचा, लेन्स बदलायचा, खिडकीशी जायचा, पुटपुटत परत यायचा. पन्नासची बरी होती, पण ना धड जवळ ना धड लांब. पस्तीसची अख्खी खोली फोटोत घ्यायची, पण माणूस नीट दिसायला त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं लागायचं. नव्वदची मात्र लांबचा चेहरा ओढून आणायची. जागचं हलायला नको.

प्रत्येक लेन्स तो एकाच माणसावर पारखायचा. रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान होतं. सकाळी दहाच्या ठोक्याला शिंपी दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा. तो फोटोग्राफरचा सख्खा थोरला भाऊ. "वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर आई वाचली असती," असं भाऊ आई गेली त्या दिवशी चारचौघांत त्याला बोलला होता. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एका शब्दानं बोलणं नाही. आणि नऊ वर्षं फोटोग्राफर रोज दहाला खिडकीतून त्याचा एक फोटो काढत होता. बायकोनं विचारलं की म्हणायचा, "तिथे प्रकाश चांगला पडतो."

"अहो, लेन्सचं निमित्त पुरे झालं," आज बायको म्हणाली. "निघायच्या आधी भेटून या एकदा."

"मी का जाऊ? बोलला तो. त्यानं यावं."

"मग घ्या ती नव्वदची, आणि बसा मुलीच्या खिडकीत."

तो चिडून खोलीत येरझाऱ्या घालू लागला. दहा वाजले. त्यानं हाताला लागली ती लेन्स चढवली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स पस्तीसची निघाली. भाऊ एवढासा दिसत होता, नखाएवढा. चेहरा तर दिसतच नव्हता. त्यानं कॅमेरा खाली केला. पुन्हा लावला. मग चपला अडकवल्या आणि जिना उतरून तडक रस्ता ओलांडला. एका रिक्षावाल्यानं शिवी हासडली, तीही त्याला ऐकू आली नाही.

भावापासून दोन पावलांवर तो थांबला. त्यानं कॅमेरा वर केला. आत भावाच्या दोन पुसट प्रतिमा दिसत होत्या. त्या एकमेकींवर बसल्या की फोटो स्पष्ट येतो, म्हणून तो लेन्सची कडी फिरवू लागला. मागे दुकानात मशीनवर एक अनोळखी बाई शिवत बसली होती. खिडकीतून ती कधी दिसली नव्हती.

"दादा," त्याच्या तोंडून निघून गेलं, "ह्या कोण?"

"दुकान आता त्यांचं आहे. दोन वर्षं झाली. मला सुईत दोरा ओवता येईना."

"मग तू राहतोस कुठे?"

"मुलाकडे. गावाच्या पार त्या टोकाला. दोन बस बदलाव्या लागतात."

"आणि तरी रोज इथे येतोस? कशाला?"

भावानं कॉलर सारखी केली. पाठ ताठ केली. थेट लेन्सकडे बघत म्हणाला,

"तू दहाला खिडकीत उभा असतोस. मी आलो नाही, तर फोटो कुणाचा काढशील?"