दाराचा लाल दिवा

नवरा घर सोडून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने ऑफिसातून घराच्या डिजिटल कुलपाचा डेटा उघडला आणि त्याची नोंद एका फटक्यात उडवली. कुलूप तिच्याच कंपनीचं, त्याचा कोडही तिनेच लिहिलेला. आता त्याच्या अंगठ्याने दार उघडणार नव्हतं. “अगं, नोंदीच्या आत काय काय आहे ते तरी बघ,” सहकारी म्हणाला. “आत काय असणार? डोक्याला ताप!” दुपारी लेकीचा फोन आला. “आई, शाळेतून आले, पण दार उघडतच नाही. अंगठा फ्रॉकला पुसून पुसून लावला, तरी लाल दिवाच.” तिला एकदम आठवलं. लेकीचा ठसा बापाने हौसेने स्वतःच्याच नोंदीत ठेवला होता; सुक्याबरोबर ओलंही जळालं. “थांब गं राणी,” म्हणत ती बॅकअप शोधू लागली. “आई, आता मीपण बाबांकडेच राहायचं का?”